दोराबजी टाटा

सर दोराबजी जमशेदजी टाटा (२७ ऑगस्ट १८५९, मुंबई – ३ जून १९३२, बाड किसिंगेन, जर्मनी) हे भारतीय उद्योजक, दानशूर गृहस्थ आणि क्रीडा क्षेत्राचे आश्रयदाते होते. टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक जमशेदजी टाटा यांचे ते थोरले पुत्र होत. १९०४ ते १९३२ या काळात ते टाटा समूहाचे प्रमुख होते. जमशेदजींनी पोलादाचा कारखाना, विज्ञान संशोधनाची संस्था आणि जलविद्युत योजना हे तीन संकल्प केले होते. ते त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाहीत. वडिलांच्या मृत्यूनंतर दोराबजींनी हे तिन्ही संकल्प तडीस नेले. मुंबई बेटाला सह्याद्रीतील पावसाच्या पाण्यापासून वीज पुरवणाऱ्या तीन कंपन्या त्यांच्याच कारकिर्दीत उभ्या राहिल्या. यांपैकी तिसऱ्या कंपनीच्या धरणाविरुद्ध झालेला मुळशी सत्याग्रह हाही त्यांच्या चरित्राचा अविभाज्य भाग आहे.

जन्म व शिक्षण

दोराबजींचा जन्म मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव हिराबाई. धाकटे बंधू रतनजी (१८७१–१९१८) हे त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होते. मुंबईतील शालेय शिक्षणानंतर १८७५ साली दोराबजींना इंग्लंडला पाठवण्यात आले. १८७७ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्यांनी दोन वर्षे शिक्षण घेतले आणि विविध खेळांत प्रावीण्य मिळवले. १८७९ साली ते मायदेशी परतले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयातून १८८२ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले.

पदवीनंतर त्यांनी सुमारे दोन वर्षे 'बॉम्बे गॅझेट' या वृत्तपत्रात काम केले. १८८४ साली ते वडिलांच्या पेढीच्या कापूस विभागात रुजू झाले. कापड गिरणी काढणे फायद्याचे ठरेल का, हे पाहण्यासाठी त्यांना प्रथम पाँडिचेरीस धाडण्यात आले. त्यानंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांनी गिरणीच्या कारभाराचा अनुभव घेतला. पुढे त्यांचा विवाह मेहेरबाई भाभा यांच्याशी झाला. मेहेरबाईंचे वडील म्हैसूर संस्थानच्या शिक्षण खात्यात वरिष्ठ अधिकारी होते. या दांपत्याला अपत्य नव्हते.

समूहाची सूत्रे

१९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेदजींचे निधन झाले. मुंबईचे ताजमहाल हॉटेल त्यांच्या हयातीतच, १९०३ साली सुरू झाले होते. उर्वरित तीन संकल्प मात्र कागदावर किंवा प्राथमिक पाहणीच्या अवस्थेत होते. समूहाची जबाबदारी दोराबजी, त्यांचे बंधू रतनजी आणि चुलते-नात्यातील रतनजी दादाभाई टाटा यांच्यावर आली. बरजोरजी पादशहा हे अभ्यासू सहकारी त्यांच्या मदतीला होते.

पोलादाच्या कामात दोराबजींनी वडील हयात असतानाच लक्ष घातले होते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह त्यांनी चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्याच्या जंगलांत लोहखनिजाचा शोध घेतला. तेथे लोहखनिज सापडले, परंतु कारखान्यास पुरेल अशा प्रमाणात योग्य कोळसा मिळाला नाही. नागपूरच्या संग्रहालयातील एका भूशास्त्रीय नकाशामुळे त्यांचे लक्ष दुर्ग जिल्ह्यातील खनिजाकडे वळले. अखेरीस १९०७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली आणि १९१२ साली साकची (नंतरचे जमशेदपूर) येथे पोलादाचे उत्पादन सुरू झाले. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला १९०९ साली मंजुरी मिळाली व १९११ साली तेथे विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. १९१० साली ब्रिटिश सरकारने दोराबजींना 'सर' हा किताब दिला.

मुंबई बेट आणि ऊर्जेचा प्रश्न

मुंबई शहर मूळ सात बेटे जोडून तयार झालेल्या एका बेटावर वसले आहे. माहीम व शीव येथील खाड्या या बेटाला उत्तरेकडील साष्टी बेटापासून वेगळे करतात. बेटावर कोळसा नव्हता, इंधनाला पुरेल असे जंगल नव्हते आणि यंत्रे फिरवू शकेल अशी नदीही नव्हती. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लालबाग, परळ, भायखळा या भागांत कापड गिरण्यांची दाट वस्ती उभी राहिली. या गिरण्या वाफेच्या इंजिनांवर चालत आणि त्यांचा कोळसा दूर बंगालमधून किंवा परदेशातून आणावा लागे. वाहतुकीचा खर्च मोठा होता. शिवाय गिरण्यांच्या धुराने शहर काळवंडत असे.

शहरातील रस्त्यांवर १८६०च्या दशकापासून गॅसचे दिवे होते. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेच्या दिव्यांचा प्रयोग झाला, पण तो टिकला नाही. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली व ७ मे १९०७ रोजी शहरात विजेवरील ट्राम धावू लागली. हीच कंपनी पुढे 'बेस्ट' या नावाने मुंबईकरांच्या परिचयाची झाली. तिची वीज कोळशावर तयार होत असे व ती मुख्यतः दिवे आणि ट्राम यांसाठी होती. शेकडो यंत्रे चालवणाऱ्या गिरण्यांना परवडेल अशा दरात आणि हवी तेवढी वीज देण्याची सोय शहरात नव्हती.

जलविद्युत योजनेची कल्पना

मुंबईतील वास्तुविशारद व अभियंता डेव्हिड गॉस्टलिंग यांनी सह्याद्रीच्या माथ्यावरील पाणी अडवून वीज निर्माण करण्याची कल्पना मांडली. जमशेदजींनी ती उचलून धरली. अभियंता आर. बी. जॉयनर यांनी लोणावळा परिसराची पाहणी केली. भारतात जलविद्युत तेव्हा अगदीच नवी नव्हती. १८९७ साली दार्जिलिंगजवळ एक लहान केंद्र सुरू झाले होते आणि १९०२ पासून कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जात होती. तथापि शिवनसमुद्र येथे बारमाही नदीचा नैसर्गिक धबधबा होता. लोणावळ्याच्या माथ्यावर तसा एकही नव्हता.

तेथे होता तो पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे ढग घाटमाथ्यावर अडतात आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तेथे प्रचंड पाऊस कोसळतो. पावसाळा चार महिन्यांचा आणि गिरण्या मात्र बारा महिने चालणाऱ्या, ही या योजनेतील मूळ अडचण होती. त्यामुळे उरलेले आठ महिने पुरेल एवढे पाणी साठवणारी मोठी धरणे बांधणे अपरिहार्य होते. दुसऱ्या बाजूला निसर्गाने एक अनुकूलताही दिली होती. घाटमाथा आणि कोकणपट्टी यांच्या उंचीत ५०० मीटरहून अधिक अंतर आहे. पाणी जितक्या उंचीवरून पडते, तितकी त्याच पाण्यातून अधिक ऊर्जा मिळते. एक घनमीटर पाणी ५०० मीटर खाली आले, तर त्यात सुमारे १.३६ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. यंत्रांत काही भाग वाया जाऊनही एक युनिटहून अधिक वीज हाती लागते. म्हणून तुलनेने कमी पाण्यात मोठी वीजनिर्मिती शक्य होती.

या योजनेतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. घाटमाथ्यावरील इंद्रायणी, आंध्रा, मुळा या नद्या पूर्वेकडे वाहतात. त्यांचे पाणी भीमा व कृष्णा नद्यांमार्गे बंगालच्या उपसागराला मिळते. आजच्या पिंपरी-चिंचवड शहराच्या उत्तरेकडून इंद्रायणी व दक्षिणेकडून मुळा वाहते, तर चिंचवड, रहाटणी हा भाग या दोहोंच्या मधल्या पवना नदीच्या परिसरात येतो. टाटांच्या योजनेत इंद्रायणी, आंध्रा व मुळा यांच्या उगमाकडील पाणी अडवून ते पश्चिमेला, म्हणजे कोकणात सोडण्यात आले. पूर्वेच्या खोऱ्यातील पाणी पश्चिमेच्या शहराची यंत्रे चालवण्यासाठी वळवण्याचा महाराष्ट्रातील हा पहिला मोठा प्रयोग होय.

कंपनीची स्थापना

वडिलांच्या पश्चात दोराबजींनी योजनेसाठी सरकारी परवाना मिळवला. भांडवलासाठी प्रथम लंडनच्या बाजारात प्रयत्न झाले. तेथील अटी मान्य होण्याजोग्या नव्हत्या. पोलाद कंपनीचे भांडवल देशातच उभे करण्यात आलेल्या यशाचा अनुभव ताजा होता. तोच मार्ग येथेही अवलंबण्यात आला. भारतीय संस्थानिक व मुंबईचे व्यापारी यांनी भाग घेतले आणि नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची नोंदणी झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसवली.

गिरणीमालकांना वीज घेण्यास राजी करणे हे कामही सोपे नव्हते. वाफेच्या इंजिनांत त्यांचे भांडवल गुंतलेले होते आणि सत्तर किलोमीटर दूर, डोंगरापलीकडून तारेवाटे येणाऱ्या शक्तीवर संपूर्ण गिरणी सोपवण्यास अनेकांचे मन धजत नव्हते. तार तुटली किंवा पाऊस कमी पडला, तर गिरणी बंद पडेल, ही त्यांची भीती निराधार म्हणता येत नाही. टाटांच्या स्वतःच्या मुंबईत गिरण्या होत्या, हे येथे उपयोगी पडले. दीर्घ मुदतीच्या करारांनी हळूहळू ग्राहक मिळत गेले.

खोपोली केंद्र

पहिल्या टप्प्यात लोणावळा, वळवण व शिरोता हे जलाशय बांधण्यात आले. त्यांचे पाणी कालव्यांतून घाटाच्या कड्यापर्यंत आणले जाई व तेथून पोलादी नळांतून पायथ्याच्या खोपोली वीजकेंद्रात सोडले जाई. तेथील टर्बाइन फिरवून झाल्यावर ते पाणी पाताळगंगा नदीत जाते. निर्माण झालेली वीज एक लाख व्होल्ट दाबाने सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या तारांवरून, खाडी ओलांडून, मुंबईतील परळ-लालबाग भागातील केंद्रात आणली गेली. त्या काळी एवढ्या उच्च दाबाचे प्रेषण भारतात नवीनच होते.

खोपोली केंद्र १९१५ साली, पहिले महायुद्ध चालू असताना कार्यान्वित झाले. त्या वेळी लॉर्ड विलिंग्डन मुंबईचे गव्हर्नर होते. महायुद्धामुळे कोळसा महागला व त्याच्या वाहतुकीत अडचणी आल्या. त्यामुळे जे गिरणीमालक आधी कचरत होते, तेही विजेकडे वळले. मागणी इतकी वाढली की खोपोलीची वीज अपुरी पडू लागली.

भिवपुरी व भिरा

वाढती मागणी भागवण्यासाठी १९१६ साली आंध्रा व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. मावळ तालुक्यात आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून त्याचे पाणी कर्जतजवळच्या भिवपुरी येथे उतरवण्यात आले. हे केंद्र १९२२ साली सुरू झाले. तेथून बाहेर पडणारे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यात जाते. १९१९ साली टाटा पॉवर कंपनी ही तिसरी कंपनी निघाली. मुळा व निळा या नद्यांवर मुळशी येथे धरण आणि कोकणात भिरा येथे वीजकेंद्र अशी तिची योजना होती. भिरा केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्याचे पाणी कुंडलिका नदीत सोडले जाते. अशा रीतीने सतरा वर्षांच्या काळात तीन कंपन्या, तीन वीजकेंद्रे आणि मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे जाळे उभे राहिले.

मुळशी सत्याग्रह

मुळशी धरणाच्या जलाशयात मुळशी पेट्यातील पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. बाधितांची संख्या सुमारे ११ हजार सांगितली जाते. हा प्रदेश आंबेमोहर तांदळासाठी प्रसिद्ध होता. पिढ्यान् पिढ्या कसलेली भातखाचरे, घरे व ग्रामदैवतांची देवळे पाण्याखाली जाणार असल्याने मावळ्यांत तीव्र असंतोष पसरला. पूर्वसूचना न देता शेतांत चाचणीचे चर खोदण्यात आल्याने त्याला तोंड फुटले. खाजगी कंपनीसाठी सरकारने १८९४च्या भूसंपादन कायद्याचा वापर करावा, याला शेतकऱ्यांचा मूलभूत आक्षेप होता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. मावळे स्त्री-पुरुष धरणाच्या जागी जाऊन बसले व काम थांबले. पुण्यातील राजकीय पुढाऱ्यांनी त्यांना पाठिंबा दिला. महात्मा गांधींनीही सुरुवातीच्या काळात शेतकऱ्यांविषयी सहानुभूती व्यक्त करून टाटांना पुनर्विचाराचे आवाहन केले. कंपनीने काही महिने काम स्थगित ठेवले, परंतु पुढे ते पुन्हा सुरू केले. सत्याग्रह्यांवर खटले झाले व अनेकांना तुरुंगवास घडला. आंदोलकांमध्ये मतभेदही होते. जमिनी न सोडण्याचा आग्रह कसणाऱ्या कुळांचा होता, तर अनेक सावकार व जमीनमालक वाढीव मोबदल्यावर समाधान मानण्यास तयार होते. १९२४ साली बापटांनी कामगारांची ने-आण करणारी रेल्वेगाडी अडवली व त्याबद्दल त्यांना दीर्घ मुदतीची शिक्षा झाली. त्यानंतर लढा ओसरला आणि धरण पूर्ण झाले. या लढ्यामुळेच बापट 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. धरणग्रस्तांचा हा जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक मानला जातो.

समूहाचे प्रमुख या नात्याने या योजनेची अंतिम जबाबदारी दोराबजींची होती. मुंबईच्या औद्योगिक प्रगतीसाठी वीज आवश्यक आहे आणि योग्य मोबदला दिल्यास अन्याय होत नाही, अशी कंपनीची भूमिका होती. मावळ्यांच्या दृष्टीने प्रश्न केवळ मोबदल्याचा नव्हता. वीज घाटाखालच्या शहराला आणि विस्थापन घाटमाथ्यावरच्या गावांना, ही वाटणीच त्यांना अमान्य होती. या वाटणीला कंपनीने वा सरकारने समाधानकारक उत्तर दिले नाही.

शहरावरील परिणाम

१९२०च्या दशकाअखेर मुंबईतील बहुसंख्य गिरण्या विजेवर चालू लागल्या. बेस्ट कंपनीही टाटांकडून घाऊक वीज घेऊन शहरात वितरित करू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरील रेल्वेगाडी धावली. १९२८ साली कुलाबा ते बोरिवली मार्गाचेही विद्युतीकरण झाले. १९२९ साली साष्टी बेटावरील उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी स्थापन झाली. तिनेही दीर्घकाळ टाटांची वीज घेऊन वितरण केले. मोठी निर्मिती एका समूहाकडे आणि वितरण शहर व उपनगरांतील वेगवेगळ्या कंपन्यांकडे, ही मुंबईची वैशिष्ट्यपूर्ण रचना याच काळात आकारास आली. वाढत्या गरजेमुळे १९५६ साली तुर्भे (ट्रॉम्बे) येथे औष्णिक केंद्र सुरू होईपर्यंत टाटांच्या विजेचा मुख्य आधार सह्याद्रीतील पाणीच होते.

क्रीडा व शिक्षणक्षेत्रातील कार्य

दोराबजी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते. तेथील स्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या खेडूत तरुणांची क्षमता पाहून भारताने ऑलिंपिकमध्ये उतरावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९२० साली अँटवर्प येथील स्पर्धेसाठी त्यांनी धावपटू व पैलवानांचा संघ बहुतांशी स्वखर्चाने पाठवला. ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य झाले आणि १९२७ साली स्थापन झालेल्या भारतीय ऑलिंपिक संघटनेचे पहिले अध्यक्षही झाले. ज्या दशकात दख्खनच्या खेडुतांना त्यांनी जगाच्या मैदानावर नेले, त्याच दशकात त्याच मुलखातील शेतकरी त्यांच्या कंपनीविरुद्ध सत्याग्रह करत होते. त्यांच्या चरित्राचा विचार करताना या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला तसेच केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेला त्यांनी देणग्या दिल्या. १९१९ साली स्थापन झालेल्या न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीचेही ते संस्थापक होत.

अखेरची वर्षे व निधन

पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत पोलाद कंपनी संकटात सापडली. १९२४ साली कामगारांचे पगार भागवणेही कठीण झाले, तेव्हा दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसह सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता तारण ठेवून कर्ज उभारले व कंपनी वाचवली. १९२९ साली वीज कंपन्यांच्या व्यवस्थापनात एका अमेरिकन कंपनीला भागीदार करून घेण्यात आले.

१८ जून १९३१ रोजी मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने ब्रिटनमध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ दोराबजींनी रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला. आपली जवळजवळ सर्व संपत्ती त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या स्वाधीन केली. पत्नीच्या प्रथम स्मृतिदिनी तिच्या समाधीपाशी जाण्यासाठी ते युरोपला निघाले असता ३ जून १९३२ रोजी बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे पत्नीशेजारी त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्यानंतर नवरोजी सकलातवाला समूहाचे प्रमुख झाले.

वारसा

दोराबजींच्या ट्रस्टमधून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था (आताची टाटा सामाजिक विज्ञान संस्था), १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था यांना आधार मिळाला. तीन वीज कंपन्या २००० साली टाटा पॉवर या एकाच कंपनीत विलीन झाल्या. खोपोली, भिवपुरी व भिरा ही केंद्रे आजही चालू आहेत. दुष्काळाच्या वर्षांत या जलाशयांचे पाणी पश्चिमेकडे न सोडता पूर्वेकडील भीमा खोऱ्याला द्यावे, ही मागणी वारंवार पुढे येते आणि मुळशीच्या विस्थापितांच्या वारसांचे प्रश्नही चर्चेत राहिले आहेत. मुंबईच्या विजेचा पाया घालणारा उद्योजक म्हणून दोराबजींचे स्थान निर्विवाद आहे. त्या विजेची किंमत कोणी मोजली, हा मुळशीच्या मावळ्यांनी विचारलेला प्रश्नही त्या इतिहासाचाच भाग आहे.